आजचे देणे आजच

काल मध्यरात्री वसईपासून अहिल्यानगर-सोलापूरपर्यंत ख्रिस्ती मंदिरे जागी होती. कुठे सरत्या वर्षाबद्दल आभाराची मिस्सा झाली, कुठे ‘वॉच नाइट’ची उपासना. वर्ष पालटताना माणसे प्रार्थनेत होती. मग हातात हात घेऊन, शुभेच्छा देऊन घरोघरी परतली. जागरणाची ही रीत जर्मनीतल्या हेर्नहुट गावच्या मोरेव्हियन बंधूंपासून, 1733 च्या सुमारास सुरू झाली असे मानतात. जॉन वेस्ली यांनी ती मेथडिस्टांमध्ये रुजवली आणि पुढे ती जगभर गेली. तिच्या इतिहासात एक रात्र फार मोलाची आहे. 31 डिसेंबर 1862 ला अमेरिकेतली कृष्णवर्णीय माणसे आपापल्या मंदिरांत एकत्र बसून उजाडण्याची वाट पाहत होती, कारण 1 जानेवारी 1863 पासून अध्यक्ष लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. पिढ्यान्‌पिढ्या उद्यावर ढकलले गेलेले एक देणे त्या सकाळी फिटायला सुरुवात होणार होती.

नववर्षाचा ख्रिस्ती अर्थ शोधायचा असेल तर तो त्या रात्रीत शोधावा, असे आम्हाला वाटते. वर्तमानात जगा, हा उपदेश आता चहूकडून ऐकू येतो. शांत बसा, श्वासाकडे लक्ष द्या, क्षण मनमुराद अनुभवा. त्यात गैर काहीच नाही. थकलेल्या जिवाला त्याची गरजही आहे. पण प्रभू येशूने उद्याची चिंता करू नका असे सांगितले, तेव्हा त्याने चिंतेच्या जागी निव्वळ स्वस्थता ठेवली नाही. त्याच श्वासात त्याने देवाचे राज्य आणि त्याचे नीतिमत्त्व आधी शोधायला सांगितले. उद्याच्या काळजीतून मोकळे झालेले मन आणि मोकळे झालेले हात कोणासाठी, याचे उत्तर तिथे आहे. आजच्या दिवसावर आपल्या शेजाऱ्याचा हक्क आहे. तो हक्क आजच पुरा करणे, हेच आमच्या मते वर्तमानात जगणे.

भिवंडी तालुक्यातले वडपे हे गाव मुंबई-नाशिक महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाला नावाने ठाऊक आहे. भिवंडी शहरातून येणारा जुना आग्रा रोड इथे महामार्गाला मिळतो. जवळच्या आमणे इथे समृद्धी महामार्ग संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला आणि नागपूरपासूनचा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. विदर्भातून आठ तासांत इथवर येता येते, पण पुढच्या ठाण्यापर्यंतच्या सुमारे 24 किलोमीटरला किती वेळ लागेल हे कोंडीच्या दिवशी कोणी सांगू शकत नाही. अशा कोंडीत अडकलेला माणूस वडप्यात नसतोच. मनाने तो ठाण्याला पोहोचलेला असतो किंवा नाशिकला. वडपे म्हणजे त्याच्या लेखी लवकर ओलांडायचा एक नाका. पण तिथे घरे आहेत, उरलीसुरली भातखाचरे आहेत, धुळीत शाळेला निघालेली मुले आहेत, रात्रपाळी संपवून गोदामातून बाहेर पडणारी माणसे आहेत. आपण आजच्या दिवसाला असेच वागवतो. काल आणि उद्या यांच्या मधला नाका समजून तो ओलांडतो, आणि त्या दिवसात राहणारी माणसे आपल्याला दिसत नाहीत.

हा सारा प्रदेश फार जुन्या काळापासून व्यापाराचा. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास याने ‘कॅलिआना’ बंदराविषयी लिहून ठेवले आहे. तिथून धातू, शिसवाचे ओंडके आणि कापड निघते, आणि तिथे ख्रिस्ती मंडळी असून तिचा बिशप पर्शियातून नेमला जातो, असे तो सांगतो. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे या खाडीकाठी व्यापार आणि ख्रिस्ती उपासना चौदाशे वर्षांहून अधिक काळापूर्वीच शेजारी नांदत होत्या. कापड आजही इथे विणले जाते. भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही.

अशा व्यापारी वस्तीतल्या ख्रिस्तजनांनी याकोबाचे पत्र नववर्षाच्या दिवशी जरूर वाचावे. आज किंवा उद्या अमुक शहरी जाऊ, तिथे वर्षभर राहू, व्यापार करू, नफा मिळवू, असे ठरवणाऱ्यांना याकोब थांबवतो. उद्या काय होईल हे तुम्हाला माहीत तरी आहे का, असे विचारतो. प्रभूची इच्छा असेल तर, असे म्हणायला शिका, हे सांगतो. हा भाग आपल्या पाठ आहे. पण त्यानंतर थोड्याच ओळींत तो कुठे वळतो, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. तो थेट शेतात कापणी केलेल्या मजुरांकडे वळतो. त्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि तो आक्रोश देवाच्या कानी गेला आहे, असे तो धनवंतांना बजावतो. या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या, त्यात आम्हाला फार मोठी शिकवण दिसते. उद्या आपल्याच मालकीचा आहे असे ज्याला वाटते, त्याला आजचे देणे लांबवण्यात काही चुकल्यासारखे वाटत नाही. पैसे पुढच्या आठवड्यात घे, असे तो सहज म्हणतो. त्याच्याकडे पुढचा आठवडा आहे. मजुराकडे फक्त आजची संध्याकाळ असते.

लूकच्या शुभवर्तमानातला कोठारे बांधणारा श्रीमंत मनुष्य वडप्याच्या परिसरात आल्यावर निराळाच समजतो. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना गोदामांची छपरे दूरवर पसरलेली दिसतात. देशातल्या सर्वांत मोठ्या साठवण केंद्रांपैकी एक भिवंडीत आहे. मुंबईतल्या घराच्या दारात उद्या येणारी वस्तू आज बहुधा इथल्या एखाद्या फळीवर असते. त्या श्रीमंताची चूक त्याने धान्य साठवले ही नव्हती. योसेफाने मिसरात सात वर्षे धान्य साठवले, आणि त्याच साठ्यावर दुष्काळात लोक जगले. पवित्र शास्त्र त्याला शहाणा म्हणते. दृष्टान्तातल्या श्रीमंताचे सगळे बोलणे मात्र स्वतःशीच चालते. माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव. ज्यांनी ते पीक काढले, त्यांचा त्यात उल्लेख नाही. दारात कोणी उपाशी असेल, ही शंकाही नाही. त्याच रात्री त्याचा जीव मागून घेतला गेला, तेव्हा त्याच्या हातून निसटला तो त्याचा आजचा दिवस. तो त्याने कोणालाच दिला नव्हता.

रानातल्या मान्न्याची गोष्टही हेच शिकवते. ज्याने त्याने त्या दिवसापुरते गोळा करायचे होते. अविश्वासाने दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेले किडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती आणि ते टिकले. म्हणजे तरतूद करायला देवाची ना नाही. भीतीपोटी केलेल्या साठ्याला आहे.

आता भिवंडी तालुक्यातल्याच दुसऱ्या जगाकडे पाहू. दिवाळी झाली की ठाणे-पालघरच्या पाड्यांवरून कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, आजारपण येते, लग्नकार्य निघते. तेव्हा भट्टीमालकाकडून बयाणा घेतलेला असतो. तो फेडण्यासाठी नवरा-बायको हंगामभर चिखल तुडवतात, विटा पाडतात. हिशेब मालकाच्या वहीत असतो, आणि पुष्कळदा हंगाम संपला तरी बाकी उरतेच. वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा 1976 मध्ये झाला. 1982 पासून श्रमजीवी संघटनेने याच टापूत वेठबिगारांना सोडवण्याचा लढा दिला. तरीही बयाण्याची गाठ सुटलेली नाही. श्रीमंत माणूस आजचा दिवस उद्यासाठी खर्ची घालतो. या कुटुंबांना आजच्या भाकरीसाठी आपला उद्या विकावा लागतो. त्यांना जाऊन वर्तमानात जगा म्हणून सांगणे निर्दयपणाचे होईल. त्यांचा उद्या त्यांना परत देणे, हे आपले आजचे काम आहे.

मोशेच्या नियमशास्त्राने यासाठी दोन मुदती घालून दिल्या आहेत. एक सूर्यास्ताची. गरीब मजूर आपल्यातला असो की आपल्या गावी आलेला परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो, असे ‘अनुवाद’ हे पुस्तक सांगते. परक्याचा उल्लेख त्यात मुद्दाम आहे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून यंत्रमागावर आणि गोदामांत आलेल्या माणसांना हे वचन आमच्या तालुक्यात संरक्षण देते. दुसरी मुदत पन्नास वर्षांची. लेवीय पुस्तकातल्या योबेल वर्षात गहाण पडलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची, विकला गेलेला माणूस सुटायचा. कॅथलिक मंडळीने 2025 चे जे जुबिली वर्ष पाळले, त्याचे मूळ हेच आहे.

त्या जुबिली वर्षाने आम्हाला आजचा दिवस फार जवळून दाखवला. 24 डिसेंबर 2024 ला पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये सेंट पीटर्स बॅसिलिकाचे पवित्र द्वार उघडले. 6 जानेवारी 2026 ला ते पोप लिओ चौदावे यांच्या हातून बंद झाले. ज्यांनी उघडले ते 21 एप्रिल 2025 ला, पुनरुत्थान सणाच्या दुसऱ्या दिवशी गेले. आदल्या दिवशी आजारी देहाने ते चौकातल्या गर्दीत फिरून लोकांना आशीर्वाद देऊन आले होते. ऑक्टोबर 2023 पासून त्यांचा एक नेम होता. गाझातल्या एकमेव कॅथलिक मंडळीला ते जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करायचे. जेवलात का, मुले कशी आहेत, अशी विचारपूस. युद्ध थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. त्या संध्याकाळचा फोन हाती होता, तो ते सहसा चुकवत नसत.

व्हिएतनामचे बिशप न्युयेन व्हान थुआन यांना 15 ऑगस्ट 1975 ला अटक झाली. तेरा वर्षे ते बंदिवासात होते आणि त्यातली नऊ एकांतवासात गेली. सुटका होईल तेव्हा पुन्हा मंडळीची सेवा करीन, असे म्हणत दिवस काढायचे नाहीत, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले. समोर आहे तो दिवस प्रेमाने भरायचा. स्थानबद्धतेच्या पहिल्या महिन्यांत त्यांनी एका लहान मुलाकरवी जुन्या कॅलेंडरची पाने मागवली आणि त्या पाठकोऱ्या कागदांवर रात्री आपल्या लोकांसाठी संदेश लिहिले. मुलगा ते घरी नेई आणि त्याची भावंडे नकलून काढत. तेच पुढे पुस्तकरूपाने जगभर वाचले गेले. ज्यांच्या हातून उद्या काढून घेतला गेला होता, त्यांनी उलटून गेलेल्या दिवसांच्या पाठीवर इतरांसाठी आशा लिहिली. आज घराघरांत नवे कॅलेंडर भिंतीवर चढेल आणि जुने उतरेल, तेव्हा त्यांची आठवण व्हावी.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही या विषयाचे मोठे धडे आहेत, आणि ते सोपे नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक लहानपणी काही वर्षे इथल्याच कल्याणला शिकत होते. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हाती येईल ते गरजवंताला त्या क्षणी देऊन मोकळे होणारा तो माणूस. उद्याची फिकीर त्यांच्या स्वभावातच नव्हती. पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली की दुसरी बाजू दिसते. टिळक देऊन मोकळे होत, आणि उद्याची चूल पेटवण्याची चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. एकाने उद्याची काळजी सोडली की ती नाहीशी होत नाही. पुष्कळदा घरातल्या बाईच्या पदरात पडते. म्हणून उद्याची चिंता करू नका, हे वचन पुरुषांनी घरात उच्चारताना थबकावे. ती चिंता कोण वाहत आहे, हे आधी पाहावे आणि तिचे ओझे आजच वाटून घ्यावे.

पंडिता रमाबाईंकडे ही तरतूद आणि ही तत्परता दोन्ही होती. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती, विहीर खणली होती, फळझाडे लावली होती. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने खंगलेल्या शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. इमारत उभी राहील तेव्हा बोलावते, असे त्यांनी म्हटले नाही. त्या मुलींना केडगावच्या शेतावर तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवले आणि इमारती मागाहून झाल्या. तिथे उभे राहिलेले मुक्तिसदन आजही आहे. दूरदृष्टी आणि तातडी एकाच माणसात नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला मराठी मुलखात शोधावा लागेल.

महामार्गाकाठच्या माणसांना तर येशूचा आणखी एक दृष्टान्त आपलाच वाटावा. यरीहोच्या रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या माणसाला ओलांडून जाणाऱ्या दोघांनाही कुठेतरी पोहोचायचे असणार. शोमरोनीही प्रवासातच होता. तो थांबला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले. दुसऱ्या दिवशी दोन दीनार देऊन म्हणाला की जास्त लागले तर परत येताना देईन. आजचे त्याने आज केले आणि उद्याचीही सोय लावली. आपल्या देशाच्या कायद्याने इंग्रजीत याच शोमरोन्याचे नाव घेतले आहे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही सबब आता उरलेली नाही. वडप्याहून रोज जाणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती चालकाने हे कलम माहीत करून घ्यावे आणि थांबण्याचे धैर्य प्रभूकडे मागावे.

नव्या वर्षाची वाट पाहूनच चांगले काही सुरू करायचे, हा आपला समजही आता सोडावा. 1 जानेवारीला स्वतःचे असे पावित्र्य नाही. इंग्लंडात 1752 पर्यंत कायद्याने वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. 1582 मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी पंचांग सुधारले, तेव्हा 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर उजाडला. मंडळीचे उपासनावर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीच सुरू झाले आहे, आणि आपल्या शेजाऱ्यांचा पाडवा चैत्रात येईल. तारखा माणसाने मांडल्या आहेत. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या मधला अवकाश तेवढा देवाने दिलेला आहे, आणि मजुरी चुकती करायला, क्षमा मागायला, आजाऱ्याशेजारी बसायला तो पुरतो. येशू आपण होऊन घरी आल्यावर जक्कयाने मुहूर्त शोधला नाही. उभा राहून त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले.

म्हणून वाचकांना नववर्षाच्या शुभेच्छा देताना आम्ही संकल्पांची यादी मागत नाही. आपल्या देण्यांची यादी करावी, एवढीच विनंती. घरकाम करणाऱ्या बाईंचा थकलेला पगार. कारखान्यात किंवा गोदामात आपल्या सहीवाचून अडलेले कोणाचे तरी बिल. मजुराला दिलेली उचल माफ करणे शक्य असेल तर ती माफी. वर्षभर न बोललेल्या भावाला फोन. वेदीकडे अर्पण नेताना भावाशी वैर आठवले तर आधी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे. त्यासाठी अर्पण तिथेच ठेवून जायला सांगितले आहे. मंडळ्यांनीही आपली वही उघडावी. सेवकांचे मानधन, गरीब विद्यार्थ्यांना कबूल केलेली फी, आजाऱ्यांना द्यायची भेट.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण दिवसापुरती भाकर मागतो, आणि ती एकट्यासाठी मागत नाही, सर्वांसाठी मागतो. कोणाची तरी भाकर आपल्या हातात अडकून असेल, तर ती प्रार्थना ऐकण्याचे काम देवाने आपल्यावर सोपवले आहे. वर्षाचा पहिला दिवस आहे; सूर्य मावळायला अजून अवकाश आहे. यादीतले पहिले देणे त्याआधी चुकते करू या.